पीसीपी रायफलचा हातपंप : १४ महिने वापरल्यानंतर

पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर छर्रा सोडणारी रायफल, आणि तिचा सिलिंडर भरायचा हा हातपंप. पंप कसा दिसतो, तीन टप्पे म्हणजे काय, २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) पोहोचेपर्यंत खांदे कसे भरून येतात, हे असा पंप घ्यायच्या विचारात असलेल्यांना ठाऊक असतं. ते सोडून देतो. मला लिहायचंय ते पंपाच्या बुडाशी असलेल्या एका पितळी स्क्रूबद्दल. माहितीपत्रकात त्याला ब्लीड स्क्रू म्हटलंय आणि त्याच्याविषयी एकच ओळ दिलीय: भरून झाल्यावर सैल करा. त्या एका ओळीपायी माझा अख्खा पावसाळा गेला, मुलीची एक स्पर्धा गेली आणि विक्रेत्याशी दीड महिना भांडण झालं. हे पहिल्यांदा लिहायला घेतलं तेव्हा सगळा दोष पंपाचाच, असं मी लिहून टाकलं होतं. तो कागद फाडला. आता पुन्हा लिहितोय.

आमचं गाव बेळगावहून खानापूरला जाताना लागतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात बावीस वर्षं काम करतो. मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे. एनसीसीच्या कॅम्पात तिनं पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात घेतली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. त्यातच २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी आम्हाला परकं नाही, आमची निम्मी सोयरीक त्याच पट्ट्यात. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. मुलीनं विचारलं, तिथल्या पोरांना जमतं तर मला का जमू नये? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पॉइंट टू-टूला परवाना लागतो, काडतुसं मोजून मिळतात. पुतण्या मला परदेशातले व्हिडिओ दाखवायचा: लोक घरच्या गॅरेजमध्ये प्रेस लावून रिकाम्या केसमध्ये पुन्हा दारू आणि गोळी भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि पॉइंट टू-टूचं रिमफायर काडतूस तसंही पुन्हा भरायच्या कामाचं नसतं. पण त्या व्हिडिओतली एक गोष्ट लक्षात राहिली. ती माणसं काम सुरू करण्याआधी तराजू तपासत होती, केसला आकार देणारी डाय किती खाली आणायची ते मोजत होती, आणि एक गोष्ट बदलली की थांबून निकाल बघत होती. कारखान्यात मीही हेच करतो. घरी पंप आणला तेव्हा मात्र यातलं काहीच केलं नाही.

शेवटी दहा मीटरची एअर रायफल घ्यायचं ठरलं. ४.५ मिलिमीटर बोअर, ऊर्जा २० ज्यूलच्या आत, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. कोल्हापूरच्या एका मुलानं नेमबाजी सोडली होती, त्याची वापरलेली घेतली. तिच्याबरोबर भरायचं साधन नव्हतं. क्लबात स्कूबाच्या बाटलीतून हवा भरून मिळते, पण दर आठवड्याला बेळगावला जाऊन हवा भरून आणणं परवडेना. म्हणून हा हातपंप नवा घेतला. विक्रेता सोबत सिलिका जेलचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) फिल्टरही देत होता, वेगळे पैसे घेऊन. मी म्हटलं, नको. कॉम्प्रेसरचं काम मी रोज बघतो, मला फिल्टर काय शिकवता? हे वाक्य मी फोनवर खरोखर बोललो होतो.

घर जुनं आहे. सोप्यापासून परसापर्यंत दारं एका रेषेत आहेत, त्यामुळे दहा मीटर अंतर घरातच निघालं. मागे दगडी भिंत. सहा मिलिमीटरच्या पत्र्याचा तिरका सापळा कारखान्यातच कापून आणला, म्हणजे छर्रा खाली पेटीत पडतो. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, हा नियम बायकोनं घातला आणि तो बरोबर आहे. मांडणीतला हा भाग पहिल्या दिवसापासून नीट जमला, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारी ते मे पंपानं सुख दिलं. रायफलचा सिलिंडर सुमारे २०० मिलिलिटरचा. १२० बारवर आला की भरायचा. १२० वरून २०० ला न्यायला शंभर-सव्वाशे वेळा पंप मारावा लागायचा. मी एका दमात मारायचो. खालचा भाग हात लावता येणार नाही इतका तापायचा, तरी थांबायचो नाही. शेवटी स्क्रू सैल करायचा, फुस्स असा आवाज यायचा, झालं. हवा वाया जाऊ नये म्हणून मधे कधीच उघडला नाही. इतक्या कष्टानं भरलेली हवा सोडायला जीव व्हायचा नाही. आणि तो स्क्रू बंद करताना पान्यानं आवळायचो, कारण हातानं आवळलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. सवय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. इथून वर जांबोटी-कणकुंबीकडे तर भिंतींना हिरवं धरतं. जुलैच्या सुरुवातीला पंप १४० बारच्या वर जाईना. दांडा खाली दाबला की काटा चढायचा, वर ओढला की परत खाली. मुलगी शेजारी बसून काट्याकडे बघत होती. म्हणाली, "पप्पा, काटा खाली येऊलाय." मला वाटलं, हे तर माझंच काम.

पंप उघडला. वरच्या दाबाच्या दट्ट्यावरची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) एका बाजूला झिजली होती. कारखान्यात ओ-रिंगा डब्याच्या डब्या पडलेल्या असतात. मापाची एक आणली, नायट्राइल रबराची, ७० शोरची (शोर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). लिथियम ग्रीस लावलं, बसवली. पंप चालला. मी विक्रेत्याला फोनही केला नाही, इतका खूश होतो.

नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी १८० बारच्या आसपास दांडा अचानक हलका झाला. स्क्रू उघडला तर जळक्या तेलाचा वास आला. इथं मी थांबायला हवं होतं. मी परत पंप मारला.

आमच्या कारखान्यातले एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. "काय करूलास रे? तेल न् हवा एकत्र? डिझेल इंजिन कशावर चालतं, इसरलास काय?" डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, हवा दाबली की ती इतकी तापते की तेल आपोआप पेट घेतं. माझ्या पंपात त्याच्या कितीतरी पट दाब होता आणि आत मी खनिज तेलाचं ग्रीस भरून ठेवलं होतं. दाबाच्या हवेत खनिज तेल नाही, सिलिकॉन तेल किंवा सिलिकॉन ग्रीस चालतं, तेही नावापुरतं. हायड्रॉलिकमध्ये बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण आमच्या सिलिंडरात हवा नसते, तेलच असतं, आणि तिथं वर्षानुवर्षं बरोबर ठरलेली गोष्ट इथं किती धोक्याची आहे याचा विचारच मनात आला नाही. जाता जाता सांगतो: एका वेल्डिंगवाल्यानं मला ऑक्सिजनच्या बाटलीतून भरून देतो म्हणून सांगितलं होतं. तसं कुणीही करू नका. तेलाचा अंश आणि दाबातला शुद्ध ऑक्सिजन एकत्र आले तर रायफल हातात फुटेल.

पंप विक्रेत्याकडे पाठवला. खरं भांडण इथून सुरू झालं. आठ दिवसांनी फोन आला की वॉरंटी लागू होणार नाही, कारण आत परकी ओ-रिंग आणि परकं ग्रीस आहे. मी म्हटलं, मूळ ओ-रिंग पाच महिन्यांत का झिजली ते आधी सांगा. ते म्हणाले, तुम्ही उघडलाय ना, मग आता सांगता येणार नाही. मी म्हटलं, माहितीपत्रक इंग्रजी आणि जर्मनमध्ये, त्यात स्क्रूवर एक ओळ, ग्रीसवर एकही नाही. आम्ही मराठी वाचतो, कानडी वाचतो, हिंदीही वाचतो, यातल्या एका भाषेत तरी छापा. सतरा वेळा फोन केले, ईमेल केले. पंप परत आला तेव्हा दीड महिना उलटून गेला होता, आणि दुरुस्तीचे पैसे मीच भरले.

या दीड महिन्यात घरात जे झालं ते मला जास्त लागलं.

पंप नव्हता, तेव्हा सिलिंडर क्लबातून भरून आणत होतो. तरी मुलीचे शॉट खाली जायला लागले. डावीउजवीकडे नाही, सरळ खाली. साठ शॉटांना तिचे साधारण ५८२ गुण यायचे, ते ५६१ वर आले. मी छऱ्यांवर संशय घेतला. सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमचा वजनकाटा आणला आणि दोन संध्याकाळी बसून दोनशे छर्रे तोलले. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यांत इतका फरक यायला लागला की अख्खा डबा टाकून द्यावा असं वाटलं. मग मुलीनं पंखा बंद केला. काट्याची थरथर थांबली. काटा सुरू केल्यावर तापायला वेळ द्यायचा, सोबतचं वजन ठेवून तपासायचा, वारा लागू द्यायचा नाही, यातलं मी काही केलं नव्हतं. छर्रे चांगले होते. नवा डबा आधीच मागवून झाला होता.

मग मी तिच्यावर घसरलो. श्वास नीट धरत नाहीस, ट्रिगर ओढतेस, अभ्यासात आणि मोबाइलमध्ये लक्ष आहे, असं काय काय बोललो. ती एवढंच म्हणाली, "मी खाली ओढत नाही." तीन वेळा म्हणाली. मी ऐकलं नाही. ऑगस्टमधल्या स्पर्धेला ती गेली आणि पहिल्या वीसांतही आली नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती.

त्यानंतर तिच्या सरांनी वेग मोजायचं यंत्र आणून दिलं. सोप्यात ठेवून पाच शॉट मारले. वहीत तिच्याच अक्षरात आकडे आहेत: १७३, १७२, १६१, १७०, १५२ मीटर प्रति सेकंद. मी बसून गणित केलं. १७३ च्या वेगानं छर्रा दहा मीटर जाईपर्यंत साधारण १६ मिलिमीटर खाली येतो, १५२ च्या वेगानं २१. पाच मिलिमीटरचा फरक. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत अडीच मिलिमीटरनं मोठं होतं. म्हणजे मुलीनं शॉट अगदी मधोमध सोडला तरी तो खाली नवाच्या कडेला, जवळजवळ आठात लागणार. ती खरंच खाली ओढत नव्हती. तिची मी त्याच रात्री माफी मागितली. आमच्या घरात बापानं पोरीची माफी मागायची पद्धत नाही, पण मागितली.

कोल्हापूरला रायफलची दुरुस्ती करणारे एक जाणते गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे रायफल नेली. त्यांनी सगळी हवा सोडली, सिलिंडर काढला आणि खाली वर्तमानपत्र ठेवून तो उलटा केला. आतून पाणी आलं. तीन-चार थेंब, चहासारख्या रंगाचे. कागदावर पडल्यावर थेंबाच्या कडेनं लाल रेघ उमटली. रेग्युलेटरच्या (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या कडेवर, त्याच रंगाचा बारीक कीस बसला होता. सीट नीट बंद होत नव्हती, म्हणून कधी हवा पुरेशी यायची, कधी कमी. मग त्यांनी माझी ती ७० शोरची ओ-रिंग भिंगाखाली धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. बाहेरची कड उंदरानं कुरतडल्यासारखी होती, बारीक बारीक खाचा. इतक्या दाबाला ७० शोरचं रबर मऊ पडतं, फटीत घुसतं, आणि दट्टा परत फिरताना ते कापलं जातं. इथं ९० शोर हवी. हे सगळं मी आमच्या कारखान्यातल्या तक्त्यात कितीदा वाचलंय.

त्यांनी रायफलबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे: "ब्लीड स्क्रू कधी उघडता?" मी सांगितलं, शेवटी. "आणि मधे?" मधे नाही. "पंप मारताना थांबता?" नाही. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत.

घरी येऊन मी पाण्याचा हिशेब केला, आणि हाच हिशेब हा पंप घेणाऱ्या प्रत्येकानं करावा असं मला वाटतं. २५ अंशाला पूर्ण ओल्या हवेत घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारला भरायला बाहेरची ४० लिटर हवा लागते. तेवढ्या हवेत जवळजवळ ०.९ ग्रॅम पाणी. पण दाबून २०० मिलिलिटरमध्ये कोंडल्यावर त्या हवेला वाफेच्या रूपात धरून ठेवता येतं ते काही मिलिग्रॅमच. उरलेलं सगळं पाणी होऊन सुटतं. काही पंपाच्या बुडाशी साचतं, काही नळीतून पुढे जातं. बुडाशी साचलेलं पाणी बाहेर काढायला तो पितळी स्क्रू आहे. त्या एका ओळीवरून मी समजलो होतो की तो फक्त नळी सोडवण्यापुरता आहे. फेब्रुवारीत हवा कोरडी होती म्हणून निभावलं. जून-जुलैत प्रत्येक वेळी मी माझ्या मुलीच्या रायफलमध्ये पाणी भरत होतो.

यामुळे पंपाविषयीचं माझं मत बदललं. मूळ ओ-रिंग झिजली ती न थांबता पंप मारल्यामुळे तापून, यात मला आता शंका नाही. स्क्रूच्या सीटवर खूण पडली ती माझ्या पान्यानं. तो हातानं चिमटीत धरून बंद करायचा असतो, तेवढ्यानं पुरतं. वॉरंटी नाकारली ही विक्रेत्याची चूक नव्हती. पण माहितीपत्रकाबद्दलची माझी तक्रार कायम आहे. कोकण आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात पंप विकायचा आणि ओलाव्याबद्दल एकच ओळ लिहायची, हे बरोबर नाही. मी त्यांना मराठीत एक पान लिहून पाठवलंय, फुकट छापा म्हणून. अजून उत्तर नाही.

आता कसा वापरतो ते सांगतो. तीस वेळा पंप मारला की थांबायचं, स्क्रू सैल करून बुडाचं पाणी उडवायचं. रायफलच्या हवा भरायच्या तोंडाशी एकदिशा झडप आहे, त्यामुळे सिलिंडरातली हवा जात नाही, फक्त नळीतली जाते. पंधरा-वीस वेळा जास्त मारावं लागतं, एवढंच नुकसान. पंधरा मिनिटं पंप थंड होऊ द्यायचा. हा वेळ मुलगी अभ्यासाला वापरते. पावसाळ्यात भिंतीला टेकवून कापडानं खालचा भाग पुसला की कापड ओलं होतं, ते बघून अजूनही मन खट्टू होतं.

तो फिल्टर मी शेवटी घेतला नाही, हे मान्य करतो. किंमत बघून परत हात आखडला. पण स्वतः केला: घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी, आत नारिंगी सिलिका जेल, झाकणातून एक नळी पंपाच्या हवा ओढायच्या तोंडाला, तळाशी हवा आत यायला दुसरं भोक, दोन्हीकडे कापसाची चकती. नारिंगी दाणे ओलावा धरून हिरवट झाले की तापवून वाळवायचे. त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवलीय, स्वयंपाकाची नाही. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. गेल्या सप्टेंबरपासून ही बरणी चालू आहे. जानेवारीत सिलिंडर पुन्हा उघडून घेतला, आत कोरडा होता. सिलिंडरवर छापलेली तारीखही तेव्हाच पाहिली. अनेक कंपन्या दहा वर्षांनंतर तो वापरू नका म्हणतात, आमच्याला अजून चार वर्षं आहेत. वापरलेली रायफल घेताना ही तारीख मी बघितलीच नव्हती.

घ्यायचा का? स्कूबाची बाटली भरून मिळण्याची सोय जवळ असेल तर हातपंप घेऊ नका, ती हवा मुळातच कोरडी करून भरलेली असते. आमच्यासारखं गावात राहत असाल तर घ्या, आणि त्याबरोबर ९० शोरच्या ओ-रिंगांचं पाकीट आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब पहिल्याच दिवशी घ्या. दोन्ही मिळून दोन-चारशे रुपयांच्या वर जात नाही. माझं पाकीट मुलीच्या रायफलच्या पेटीत असतं, कारखान्यातल्या डब्यांपासून लांब, म्हणजे घाईत चुकीची हाताला लागायला नको.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पंपाचा दाबमापक २०० दाखवतो तेव्हा रायफलचा १९२ दाखवतो. आठ बारचा फरक कुणाचा, हे कळायला तिसरा, तपासलेला मापक लागेल. कारखान्यात वजनांवर चालणारं दाब तपासायचं यंत्र आहे, पण ते तेलावर चालतं, आणि रायफलच्या जवळ तेलाचा थेंबही न्यायची माझी आता तयारी नाही. पंपाचा मापक तेवढा सोडवून तपासता येईल, नंतर धुऊन पूर्ण वाळवला तर. मिस्त्रींना विचारलंय. तोवर रायफलच्या मापकावर १९० झाले की आम्ही थांबतो.